ज्याला वळता येत नाही

"अन् मंग लग्न कोण पाहीन? मी? या गुडघ्यांवर?" यमुताईंनी मेथीची काडी सुनेकडे रोखत विचारलं.

"लग्न कन्हानला आहे आई, आपल्या घरी नाही," प्रेमलता म्हणाली.

"मामाच्या घरून सगळंच जाते. तुले काय मालूम नाही?"

रविंद्र शर्टाची बटणं लावत खोलीतून आला आणि आईच्या बाजूने बोलायला लागला. गांधीबागेतलं साड्यांचं दुकान दिवाळीच्या तोंडावर तिच्या मदतीशिवाय एका माणसाने कसं चालवायचं, घरी आईजवळ कोण थांबणार. बारावीतल्या लेकीने, ऋतुजाने, मोबाइलमधून मान न काढता आपला डबा आणि क्लास पुढे केला. भाचीच्या लग्नाची तारीख तर ठरूनच गेली होती. प्रत्येकाचं काम आपल्या जागी पक्कं होतं. हलायचं होतं ते एकट्या प्रेमलताने.

तिला सहा महिने हैदराबादला प्रशिक्षणाला बोलावलं होतं. गेली तर ऑफिसातलं तिचं नवं टेबल कायमचं तिचं होणार होतं, नाही गेली तर ते दुसऱ्या कोणाला मिळणार होतं. होय-नाही आज कळवायचं होतं आणि घराने रात्रीच नाही ठरवून टाकलं होतं.

प्रेमलता विमानतळाच्या नियंत्रण केंद्रात होती, स्वतःच्या लग्नाच्या आधीपासून. यमुताई शेजारणींना सांगत, "माही सून इमानं वळवते." ते खरंच होतं. देशाचे आडवे आणि उभे हवाई रस्ते नागपूरच्या डोक्यावर एकमेकांना ओलांडतात. तिथे ती वर्षानुवर्षं डावीकडे वळा, उजवीकडे वळा, खाली या असं सांगत आली होती, आणि पलीकडून कोणीतरी तिचे शब्द जसेच्या तसे परत म्हणून दाखवत होतं. घरी तिला कोणी काही परत म्हणून दाखवत नसे.

मागच्या हिवाळ्यात केंद्रात एक टेबल चाचणी म्हणून सुरू झालं आणि ते तिला मिळालं. प्रवासी विमानं उडतात त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवरचं आभाळ. तिथे ढग नाही, पाऊस नाही, दुपारीही वरचा रंग जांभळट काळा असतो म्हणतात. आजवर तिकडे कोणी फारसं जात नसे. आता नव्या जातीची विमानं जाऊ लागली होती. उन्हावर चालणारी, आत माणूस नसलेली. पंख बॅडमिंटनच्या दोन मैदानांएवढे लांब आणि वजन रविंद्रएवढं. समोरून वारा असला की भंडाऱ्याहून वर्ध्याला यायला त्यातल्या एकाला अख्खा दिवस लागे. मग फुगे. जमिनीवरून सुटताना उशीच्या रिकाम्या अभ्र्यासारखे लोळागोळा, वर जाता जाता घराएवढे फुगणारे. पुढे आवाजाहून वेगाने जाणारी विमानंही याच आभाळातून जातील असं साहेब सांगत. वेगवान आणि संथ, एकाच अंगणात. त्यांच्यात अंतर राखायचं, तर वाऱ्याच्या मनात काय आहे ते दोन-दोन दिवस आधी ओळखावं लागे.

तिथे कोणी बोलत नसे. विमान चालवणारा कुठल्यातरी दूरच्या गावी पडद्यासमोर बसलेला असे आणि दोन ओळी लिहून पाठवी. ती एक ओळ लिहून पाठवी. मधल्या वेळात एक ठिपका पडद्यावर जवळजवळ जागच्या जागी असे, आणि त्याच्याकडे बघताना तिचा श्वास लांब होत जाई. घरी गच्चीवर टॉवेल पिळतानाही तिला तो जाणवे. डोळ्यांना दिसत काहीच नसे. पण वर, सगळ्या हवापाण्याच्या वर, कोणीतरी ऊन खात तरंगतंय आणि आपण त्याच्याखाली दोरीवर कपडे घालतोय, एवढं पुरे. अशा वेळी खालून यमुताईंनी मारलेली पहिली हाक तिला ऐकू येत नसे. दुसरी येई.

गेल्या आठवड्यात त्यातल्या एका विमानाची बॅटरी बिघडली आणि ते उतरवावं लागलं. खाली प्रवासी विमानांची गर्दी, आणि त्यातून ते पिसासारखं येणार. जोरात वळवलं तर पंख मोडला असता. सकाळपासून दुपारपर्यंत खालच्या सगळ्या टेबलांनी आपापली विमानं बाजूने काढली. शेजारच्या टेबलावरचा ऋषिकेश वैतागला.

"मॅडम, तुमच्या पतंगापायी माझी लाइनच्या लाइन हलली."

"ज्याला वळता येत नाही त्याला बाकीच्यांनी वाट द्यायची. पहिल्या वर्षी शिकला ना?"

"शिकलो. पण हे लईच हळू येऊन राहिलंय."

ते आलं. कोराडीच्या वीजकेंद्राच्या धुरावरून, शेतांवरून, कशालाही न लागता. ती घरी निघाली तेव्हा वर्धा रोडवर नेहमीची गर्दी होती आणि ती स्कूटर अगदी सावकाश चालवत होती. मागचे हॉर्न देत होते. तिच्या मनात घरची माणसं एकेक करून पडद्यावर आली. यमुताईंचे गुडघे, हो, त्यांना वळता येत नाही. ऋतुजाला येतं. रविंद्रलाही येत असेल. त्याला आजवर कोणी वळवूनच पाहिलं नव्हतं.

"ऐकून राहिली का तू?" रविंद्र आता विचारत होता. "तू काहून एवढं ताणते? आजपर्यंत कशी सगळं सांभाळून घेत आली."

यमुताई मेथी निवडायच्या थांबल्या होत्या. "पोरी, मी तुया वाईटावर नाही वं," त्या जरा खालच्या आवाजात म्हणाल्या. "पण दिवसभर एकटीनं मले भेव वाटते."

प्रेमलताने त्यांच्या पुढ्यातली निवडलेली पानं चाळणीत घेतली. नळ सोडला, बंद केला.

"आई, तुम्ही दिवसभर एकट्या राहणार नाही," ती म्हणाली. मग रविंद्रकडे वळली. "मी हो कळवते आहे. एक तारखेला निघेन. दुकान तुम्ही दुपारी दोन ते पाच बंद ठेवायचं आणि घरी यायचं. ऋतुजा क्लास सकाळचा घेईल, डबा स्वतः करेल, संध्याकाळी आईंजवळ थांबेल. लग्नाला मी चार दिवस येईन."