चार आण्यांचा उखा

त्र्यंबक गुरुजी गेल्याची बातमी शाळेच्या शिपायानं वर्गाच्या दारात येऊन सांगितली, तेव्हा मी फळ्यावर बीजगणित लिहीत होतो. मुलं उठून उभी राहिली. माझ्या मनात पहिला विचार आला तो गुरुजींचा नव्हता, त्यांच्या वहीचा होता. ती आता कोणाच्या हाती पडणार?... याला आता महिना झाला. एव्हाना गावानं शोकसभा उरकली, भाषणं झाली, हार वाळले. सगळ्यांनी गुरुजींच्या अचूक नजरेचं कौतुक केलं. मीही केलं, आणि माझंच भाषण सगळ्यांत लांबलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या धुळ्याच्या शाळेतून मॅट्रिकला बसणाऱ्या मुलांपैकी पुढे कोण जाणार, हे गुरुजी ठरवत. पुण्याच्या एका कॉलेजात त्यांच्या शब्दाला मान होता. दरवर्षी त्यांच्या चिठ्ठीवर एक मुलगा, फक्त एक, तिथे घेतला जाई आणि त्याची राहण्याजेवण्याची सोयही होई. शेतकऱ्याच्या मुलाला पुणं गाठायला दुसरी वाट नव्हती. गुरुजी तरुणपणी तलाठ्याच्या हाताखाली कारकून होते. उभ्या पिकाकडे बांधावरून बघून सोळा आण्यांपैकी किती आणे पीक येईल, हे ठरवायची ती आणेवारी त्यांच्या अंगात मुरलेली होती. शाळेत आल्यावर पिकाच्या जागी त्यांनी मुलं धरली, एवढंच. माघ संपला की वडील मुलांना घेऊन त्यांच्या ओट्यावर येत. मुलगा अंगणात उभा राहायचा. गुरुजी त्याला एक हिशेब तोंडी घालत, बापाला दोन प्रश्न विचारत आणि वहीत आणे मांडत. सहा आण्यांच्या खाली पीक आलं की सरकार शेतसारा सोडतं, म्हणून सहाच्या खालच्या मुलाला ते म्हणत, "जा, तुला शिक्षणाची माफी." ओट्यावरचे लोक हसत आणि कधी कधी त्या मुलाचा बापही हसे.

"माझी चिठ्ठी आजवर परत आलेली नाही," असं ते छाती फुगवून सांगत. खरंच होतं ते. जे जात ते कसेबसे पास होऊन येत, आणि ज्यांना माफी मिळे ते जातच नसत, मग त्यांचं काय झालं असतं ते कोण विचारणार? आपलं भाकीत खोटं ठरण्याची सोयच गुरुजींनी ठेवली नव्हती. हे मला कळायला पंधरा वर्षं लागली, आणि कळल्यावरही मी कोणाला बोललो नाही, कारण त्या चिठ्ठीवर पुण्याला गेलेला मीच होतो.

आमच्या वर्षी दोन मुलं होती. मी वकिलाचा मुलगा, आणि पांझरेकाठच्या खेड्यातून रोज चालत येणारा उखा. आम्ही एका बाकावर बसायचो. माझ्या वहीतली बीजगणिताची उदाहरणं उखाच्या पाटीवरून उतरलेली असत, आणि तो हौसेनं पाटी माझ्याकडे सरकवायचा. त्या दिवशी आधी माझी पाळी झाली. वडील म्हणाले, "पोरगं सोळा आणे आहे, गुरुजी, तुम्ही डोळे मिटून लिहा." गुरुजींनी बारा लिहिले. मग उखा उभा राहिला. गुरुजींचा हिशेब तोंडातून पुरता बाहेर पडायच्या आत त्यानं उत्तर दिलं. गुरुजींच्या कपाळाला आठी पडली. पाठ करून आलाय की काय, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी बापाला विचारलं, "पोराचं कसं काय?"

उखाचे वडील हात जोडून म्हणाले, "काय सांगू गुरुजी, काय खरं नही. चार आना बी नही शे. ढोरं राखी, दुसरं काय."

आमच्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. कपाशी कमरेएवढी उभी असली तरी सरकारी माणसापुढे तो "काहीच नाही" असंच म्हणतो. जास्त सांगितलं तर सारा बसतो, आणि नजर लागते ती वेगळीच. पिढ्यान् पिढ्या जिभेला तेच वळण. त्या माणसानं आपल्या पोराचंही तसंच सांगितलं, जीव तुटत असताना सांगितलं. गुरुजींना हे ठाऊक नव्हतं का? कारकून असताना शेतकऱ्याच्या तोंडच्या आकड्यावर त्यांनी कधी विश्वास ठेवला नव्हता. पण इथे ते घुटमळले. लेखणी हातात धरून माझ्याकडे वळले. "वसंता, तू याच्या शेजारी बसतोस. बाप म्हणतो ते खरं का रे?"

"बाप खोटं कशाला बोलेल, गुरुजी?" मी म्हणालो.

एवढंच. मी सतरा वर्षांचा होतो, ही सबब मी स्वतःला पुष्कळदा सांगितली आहे. पण मला सगळं कळत होतं. गुरुजींनी चार लिहिले आणि म्हणाले, "माफी." उखानं वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

मी पुण्याहून तिसऱ्या वर्गात पास होऊन परत आलो आणि त्याच शाळेत मास्तर झालो. उखा कापसाच्या जिनवर काट्याशी बसतो. आलेल्या गाडीकडे नुसतं बघून तो वजन सांगतो आणि काटा मागून त्याची री ओढतो, असं तिथले लोक म्हणतात. बाजारात भेटला की तो गुरुजींची तब्येत विचारी. वर म्हणे, "बरं झालं भाऊ, गुरुजींनी वेळीच सांगं. नहीतर मी पुन्याले जाईसन तोंड काळं करी येतू." दर वेळी मी मान हलवायचो. गुरुजींच्या तिरडीला पुढून खांदा त्यानं दिला. स्मशानात तो लहान पोरासारखा रडला, आणि मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. माझ्या त्या हाताची मला आजही किळस येते.

तेराव्यानंतर गुरुजींच्या मुलीनं वही मला आणून दिली. "आता तुम्हीच चालवा," म्हणाली. त्यानंतर आठव्या दिवशी माझ्या ओट्यावर पहिला बाप आला, तो उखा. सोबत त्याचा मुलगा शंकर, यंदा मॅट्रिकला बसणारा. मी शंकरला हिशेब घातला, आणि माझं पुरतं बोलून होण्याआधीच त्याचं उत्तर आलं. रीत म्हणून बापाला विचारलं, तर उखानं हात जोडले. "काय खरं नही, भाऊ. चार आना बी नही शे."

मी वहीत सोळा लिहिले. गुरुजींनी उभ्या जन्मात कोणाला सोळा दिले नव्हते. उखानं वाकून आकडा वाचला आणि तो हसला. "तू दोस्त शे, म्हनीसन सोळा लिखात. गुरुजी ऱ्हातात तर खरं लिखतात."

"उखा, तुझे ते चार आणे..." मी सुरुवात केली. तोंडाशी आलं होतं सगळं.

"चार बी जास्त व्हतात, भाऊ," तो हात जोडून म्हणाला. "त्यास्नं मन मोठं." मग शंकरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चाल रे. सोमवारपाईन तुले जिनवर लाई दिसू."

मी त्यांना थांबवलं नाही. थांबवायचं तर माझं ते एक वाक्य सांगावं लागलं असतं... दोघे फाटकातून बाहेर पडले. वही माझ्या टेबलावर आहे. शेवटच्या पानावर शंकरचे सोळा आणे आहेत आणि त्यावर माझी सही आहे. आज सोमवार.