सीटखालचा पखवाज

जुन्नरमध्ये गाड्यांना स्पीकर बसवणारे एक चाचा आहेत; नाव मी विचारलं नाही. कंपनीच्या स्टीरिओला बेसचा, म्हणजे खोल आवाजाचा सबवूफर जोडून मला डिकीत दणका हवा होता. चाचा मात्र गाडीत माझ्या शेजारी बसलेल्या आमच्या आबांकडे बघत राहिले. आबा पूर्वी भजनात पखवाज वाजवायचे, डाव्या तोंडाला कणीक लावून आवाज खोल करायचे. आता त्यांना ऐकू येत नाही, हे सगळं मीच चाचांना सांगितलं.

चाचांनी सबवूफर त्यांच्याच सीटखाली बसवला. "कान गेलं तर गेलं, भाऊ. पाठ हाय की!"

पेंगुळलेल्या दुपारी भजन लागलं. सीटवर तळहात टेकून, डोळे मिटून चाचा बटण फिरवत होते, बाळाला थोपटावं तितक्या हळुवारपणे.

आबांची बोटं गुडघ्यावर हलली. मग कपाळाला आठी पडली.

"कणीक कमी लावलीया त्या पखवाजवाल्यानं."

चाचांनी बेस वाढवला.