घड्याळाखाली काय आहे?

नाशिकच्या द्वारका चौकात हैदराबादची बस उभी होती आणि पप्पा ड्रायव्हरला विचारत होते, टायर नवे आहेत का. त्यानं पप्पांकडे असं बघितलं, जणू त्याच्या खानदानाची चौकशी चालली होती. आई माझ्या बॅगेची चेन पुन्हा पुन्हा ओढून बघत होती. दुपारचं ऊन मी म्हणत होतं. शेवटी बस हलली तेव्हा पप्पा खिडकीपाशी आले आणि त्यांचं नेहमीचं वाक्य म्हणाले, "अलार्म वाजला की आधी घाबरायचं नाय. आधी वाचायचं."

पप्पा एकलहऱ्याच्या थर्मल वीज केंद्रात कंट्रोल रूमला होते. सगळी नोकरी त्यांनी भिंतभर दिवे आणि काटे बघण्यात घालवली. मला नोकरी लागली ती सायबर सिक्युरिटी ॲनालिस्टची, म्हणजे कंपन्यांच्या कंप्युटरमध्ये कुणी चोरून शिरत नाही ना, हे दिवसभर स्क्रीनवर बघायचं. आईला ती काही केल्या समजेना. पप्पांना मात्र लगेच समजली. "माझंच काम करती, फक्त एसीत बसून," असं ते कॉलनीभर सांगत सुटले. त्यांची कंट्रोल रूमही एसीच होती, हे ते सोयीनं विसरायचे.

निघताना मी घराकडे नीट बघितलंसुद्धा नाही. परत येणारच होते, त्यात काय बघायचं? पण मी गेल्यावर थोड्याच महिन्यांत पप्पा रिटायर झाले, क्वार्टर सोडावं लागलं आणि आई-पप्पा जेल रोडच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. क्वार्टरची किल्ली जमा झाली, त्या दिवशी मी हैदराबादेत ट्रेनिंगला बसले होते. आधी मी घर सोडलं, मग घरानं मला सोडलं, असा आमचा हिशेब फिटला. मला त्याचं फार वाईट वाटलं, आणि कुणापाशी बोलावं ते कळेना.

कॉलनीतले तुम्ही सगळे आता कुणी पुण्यात, कुणी मस्कतला, कुणी अजून सामनगाव रोडलाच आहात. तुम्हाला दोरी आठवत असेल. वारा आपल्या बाजूला वळला की थर्मलची बारीक राख यायची आणि कपड्यांच्या दोरीवर बसायची. म्हणून कपडे वाळत घालण्याआधी दोरी पुसायची, ही आपल्याकडची रीत. त्यासाठी एक वेगळं फडकं दाराआड खिळ्याला असायचं. ते ओलं करून या खांबापासून त्या खांबापर्यंत ओढत न्यायचं. मी बादली घेऊन बाहेर पडले रे पडले, की स्वयंपाकघरातून आईची हाक यायचीच, "दोरी पुसली का?" मी पुसलेली असो वा नसो, "हो" म्हणायचे. मग शाळेत माझ्या शर्टाच्या पाठीवर करडी आडवी रेघ दिसायची आणि नाशिक रोडच्या मुली म्हणायच्या, ही बघा, एकलहऱ्याची आली.

हैदराबादेत मला पीजीतली चौथ्या मजल्यावरची खोली मिळाली. सकाळी ओनर आंटी जिन्यात विचारते, "टिफिन हो गया?" इथे टिफिन म्हणजे नाश्ता. मी होय म्हणते आणि उतरते. दिवसभरातलं माझं घरगुती संभाषण एवढंच.

ऑफिसात काम भरपूर. रोज पुण्यातून लॉगिन करणारा एखादा माणूस अचानक युरोपातून आत शिरला, किंवा कुणी सारखा पासवर्ड चुकवायला लागला, की आमच्याकडे अलर्ट येतो. बहुतेक अलर्ट फुसके निघतात. माणूस खरंच फिरायला गेलेला असतो. तरी आपण आधी संशय घ्यायचा, ओळखीच्या माणसालाही दर वेळी नव्यानं ओळख विचारायची, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलं. मला ते जडच गेलं. आमच्याकडे गावाला जाताना किल्ली शेजारी द्यायची पद्धत. शेजारच्या काकू आमच्या फ्रिजमधलं दही न विचारता न्यायच्या आणि संध्याकाळी वाटी न सांगता परत ठेवायच्या. आमच्या ऑफिसच्या भाषेत हा अनधिकृत प्रवेश झाला.

कोण आलं, कुठून आलं, रोजच्या वेळेला आलं का, अशी कितीतरी अनोळखी माणसांची खबर मी ठेवते. माझी खबर ठेवणारं या शहरात कुणी नव्हतं. एकदा आई-पप्पा घोटीजवळ मामाच्या गावी लग्नाला गेले होते आणि तिथे रेंज नव्हती. रविवारी दुपारी लक्षात आलं, की शुक्रवारपासून मी मराठीत एक शब्द बोललेले नाही. मग रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हटलं, "चहा ठेवते हं," आणि स्वतःच्या आवाजाला दचकले. खूप एकटं वाटलं. हे आता लिहून टाकते, कारण फोनवर मी नेहमी "मस्त चाललंय" असंच सांगत आले. तुमच्यापैकी जे बाहेर आहेत, तेही असंच सांगत असतील.

पहिल्या सुट्टीत मी दोन दिवस जेल रोडच्या फ्लॅटवर गेले. हॉलमध्ये खोकी पडलेली, भिंती कोऱ्या. आई विचारत होती, घर आवडलं का, आणि मी ऑफिसची हुशारी पाजळत होते. पप्पांची सवय अशी, की कुणाचाही फोन असो, उचलताना "जयभीम" म्हणायचं. मी म्हटलं, अनोळखी नंबर असला तर नुसतं हॅलो म्हणा, आवाज सपाट ठेवा. उद्या कुणी अगदी माझ्या आवाजात रडत म्हणालं, मी हॉस्पिटलमध्ये आहे, तरी फोन ठेवून द्या. आता आवाजाची हुबेहूब नक्कल करतात. लगेच माझ्या नंबरवर फोन लावा. तो लागला नाही, तर समोरच्याला असा प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर फक्त घरातल्या माणसाला माहीत असेल.

"आपलीच पोर, आन् तिचीच उलटतपासणी घ्यायची?" आई म्हणाली. "लय शहाणी झाली!"

पप्पा मात्र खूश. "प्रोसीजर हाय ही," ते म्हणाले. "पाळायची." मी त्यांच्याकडून सरावही करून घेतला. मी खोटं खोटं रडले तर आईच खरी रडायला लागली, म्हणून तिचा सराव अर्धवट राहिला.

पुढे एका मंगळवारी ऑफिसात माझ्या पोटात उजवीकडे कळ आली. टीम लीडला ॲसिडिटी आहे म्हणून सांगितलं आणि एकटीच ऑटो करून हॉस्पिटल गाठलं. उतरताना वाकता येत नव्हतं, त्या गडबडीत फोन ऑटोतच राहिला. डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स आहे, आजच ऑपरेशन करावं लागेल, घाबरण्यासारखं काही नाही. तिथल्या लक्ष्मी सिस्टरनं विचारलं, "घर से कौन है साथ में?" मी म्हटलं, कोई नहीं. मग तिनं स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. "किसी से तो बात कर लो, बेटा."

मला पप्पांचा नंबर पाठ होता. ऑपरेशन लहान होतं हे मलाही कळत होतं. पण आत जाण्याआधी मला आई-पप्पांशी बोलायचं होतं. दुसरं काहीही नको होतं.

"हॅलो," पप्पा म्हणाले. नुसतं हॅलो, सपाट.

"पप्पा, मी बोलतेय. मी हॉस्पिटलमध्ये आहे," म्हटलं आणि मला रडू फुटलं. फोन कट झाला.

ज्या वाक्याला फोन ठेवायचा म्हणून बजावलं होतं, तेच वाक्य, तसंच रडत, मी म्हटलं होतं. सिस्टरला वाटलं लाइन गेली. तिनं स्वतः फोन लावला आणि हिंदीत सांगितलं, आपकी बेटी यहाँ एडमिट है. पप्पांच्या दृष्टीनं आता टोळी पूर्ण झाली. त्यांनी पुन्हा ठेवला.

थोड्या वेळानं मी परत लावला, तेव्हा पप्पांचा आवाज हलत होता. मधल्या वेळात त्यांनी माझा नंबर लावून बघितला असणार आणि तो बंद लागला असणार. तरीही माणूस प्रोसीजरला पक्का.

"आमच्या हॉलमध्ये घड्याळाखाली काय हाय?" त्यांनी विचारलं.

आमच्या म्हणाले. आपल्या नाही. पोटापेक्षा ते जास्त दुखलं. क्वार्टरमध्ये घड्याळाखाली कॅलेंडर होतं. फ्लॅटमध्ये घड्याळ कुठं लावलंय, हेसुद्धा मला माहीत नव्हतं. मी गेले तेव्हा ते खोक्यातच होतं. मी आपलं म्हटलं, "कॅलेंडर."

मग पप्पा म्हणाले, "पुन्हा फोन करू नका." जन्मात कधी त्यांनी मला अहो-जाहो केलं नव्हतं. चोराशीही ते इतक्या अदबीनं बोलत होते, की मला अजूनच रडू आलं.

सिस्टर म्हणाली, अब अंदर चलना है, एक बार और करो. मी डोळे पुसले. आधी घाबरायचं नाही, आधी वाचायचं. माझ्या आवाजाचा उपयोग नव्हता, आवाज चोरता येतो हे मीच त्यांना सांगून ठेवलं होतं. नव्या घरातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. ज्या घरात मला डोळे मिटून फिरता आलं असतं, त्यात आता दुसरंच कुणी राहत होतं. तरी माझ्याजवळ होतं ते त्याच घरातलं होतं.

या वेळी फोन आईनं उचलला. मी नाव सांगितलं नाही, हॉस्पिटलही म्हटलं नाही. एवढंच विचारलं, "आई, दोरी पुसली का?"

मागून पप्पा विचारत होते, "कोण हाय? कोण हाय गं?"

"आपलीच हाय," आई ओरडली. "अहो, आपलीच हाय!" आणि मग मला म्हणाली, "कुठं दुखतंय, बाळा?"

मिळेल त्या बसनं दोघं निघाले. दुसऱ्या दिवशी मला नीट जाग आली तेव्हा आई खाटेशी होती आणि पप्पा लक्ष्मी सिस्टरला हात जोडून माफी मागत होते. पीजीत परतल्यावर आईनं माझे कपडे धुतले. गॅलरीत गेली आणि सवयीनं आधी दोरी पुसली. फडकं जवळपास स्वच्छच निघालं. ती म्हणाली, "इथं राख नाय गं," आणि मला एकदम घरची इतकी आठवण आली, की ती शेजारी असूनही मी तिचा पदर धरून बसले.

चार-पाच दिवसांनी मी पप्पांना विचारलं, "घड्याळाखाली आहे तरी काय?"

पप्पा ओशाळले. आईच म्हणाली, "तुझा फोटो हाय. नोकरीच्या पहिल्या दिवशी गळ्यात आयकार्ड घालून काढलेला. तू सुट्टीहून परत गेली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी यांनी मोठा करून आणला."

"मग मला कसं माहीत असणार, पप्पा?"

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. "रोज चहा घेताना तुझ्यासमोरच बसतो ना मी," ते म्हणाले. "दिवसभराचं सगळं तुला सांगतो. मला वाटलं, तुला माहीतच असणार."

आता ते दोघं परत जेल रोडला आहेत आणि मी इथे. कुणी घर कुठं म्हणून विचारलं, की मी जेल रोडचा पत्ता देते, जिथे मी एकूण दोन दिवस राहिलेय. रविवारी कपडे वाळत घालताना दोरी पुसते. पुसली का म्हणून कुणी विचारत नाही. घर ही आपण राहतो ती जागा असते, असं मला आधी वाटायचं. आता वाटतं, आपण नसताना जिथे कुणीतरी आपल्याशी बोलत बसतं, ती जागा घर असावी. माझा नंबर दिसला की पप्पा जयभीम म्हणतात. मग मी पहिला प्रश्न हाच करते, "कुठं बसलात?"

"तुझ्यासमोर," ते म्हणतात.

मग मी बोलायला लागते.