बुबुळातली खाच

ग्रहणाच्या दिवशी मी धुळ्याला मुलीच्या सासरी होतो. तिला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिला जळगावला न्यायला आलो होतो. ती कांदे घेऊन बसली तशी तिच्या सासूबाईंनी पुढ्यातली विळी उचलली.

"आज काही चिरानं नही पोरी, कापानं नही. बठ्ठं मी करसू. तू नुसती बस."

"आई, माझे डोळे ग्रहणाने असे झाले नाहीत हो. डॉक्टरांनी सांगितलंय."

"मंग डॉक्टरलेच बलाव कांदा चिराले."

आम्ही तिघंही हसलो. पण विळी तिला परत द्या, असं मी म्हणालो नाही.

मुलीच्या दोन्ही बुबुळांना जन्मापासून खालच्या बाजूला खाच आहे, कुलपाच्या भोकासारखी. उजेड कमी झाला की ती चाचपडते, आणि आता दिवसाही बाजूचं दिसणं कमी होत चाललंय. ती जन्मली तेव्हा माझ्या आत्याने तिचे डोळे पाहून बायकोला पहिला प्रश्न केला, "ग्रहणात काय कापलंस?" बायकोला खोटं बोलता येत नाही. फैजपूरहून तिच्या भावाने केळफूल पाठवलं होतं, ते तिने त्या दिवशी भाजीसाठी चिरलं होतं. आत्याने पुन्हा कधी तो विषय काढला नाही. गरजही नव्हती. आमच्या घरात त्यानंतर केळफूल आलं नाही.

मुलगी गरोदर राहिल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या रक्ताची जनुकीय तपासणी करवली. निकाल समजावताना त्यांनी कागदावर एक वाटी काढली. गर्भात डोळा असा वाटीसारखा तयार होतो, म्हणाल्या, आणि वाटीला खाली एक फट असते. ती वेळेवर मिटली नाही की खाच राहते. कुठल्या जनुकाचं काम कधी आणि किती दाबायचं, हे बघणारे अगदी छोटे रेणू पेशीत असतात. त्यांना मायक्रोआरएनए म्हणतात. लांबी जेमतेम बावीस अक्षरांची. मुलीच्या अशा एका रेणूत एक अक्षर बदललं होतं. तोच रेणू पुढे डोळ्यातला पडदा सांभाळायलाही लागतो, म्हणून नजर हळूहळू जाते.

"फट कधी मिटते?" मी विचारलं.

"सातव्या आठवड्यापर्यंत मिटायला हवी."

घरी आल्यावर मी बायकोला हिशेब सांगितला. केळफूल चिरलं तेव्हा तिला सहावा महिना होता. म्हणजे खाच त्याआधीच राहून गेलेली. ती गवार मोडत होती. मग म्हणाली, "मग कुणामुळे?"

तेवढ्यासाठी आम्हा दोघांचं रक्त घेतलं होतं. मुलीला जळगावला आणल्यावर निकाल आला. बदललेलं अक्षर माझ्यात होतं. डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून माझे डोळे पाहिले. पडद्याच्या कडेला सुरुवात झाली होती. संध्याकाळी गाडी चालवताना समोरचं अंधुक दिसतं, ते मी वयावर ढकलत होतो.

बायकोने रिपोर्ट घडी करून माझ्या हातात दिला. "अहो, तुमच्या आत्याने तुम्हाला विचारायला हवं होतं, काय कापलंत म्हणून."

यावर हसावं की नाही, मला कळलं नाही. तीही हसली नव्हती.

बाळाकडे ते अक्षर जाण्याची शक्यता निम्मी, असं सांगितलं होतं. आकडा कळला की मला बरं वाटतं. या आकड्याने वाटलं नाही. निम्म्यात तयारी कशाची करायची? मुलगी झोपाळ्यावर बसून लोकरीचं टोपडं विणायची, टाके बोटांनी चाचपून मोजायची, आणि मी पेपर धरून तिच्याकडे बघत राहायचो.

नात झाली. डॉक्टरीणबाईंनी बॅटरीच्या उजेडात तिचे डोळे पाहिले आणि म्हणाल्या, "बुबुळं गोल आहेत." धुळ्याहून आलेले व्याहीबुवा पेढे आणायला धावले. मुलीच्या सासूबाईंनी माझ्याकडे पाहून मान हलवली: बघा, कांदा चिरू दिला नाही ना.

"आणि आतून?" मी विचारलं.

"आतून थेंब घालून बघू. पण पडद्याचं खरं कळायला काही वर्षं जावी लागतात. उपचार अजून प्रयोगशाळेत उंदरांवरच चालू आहेत, ते मी तुम्हाला सांगितलंय."

बुबुळं माझीही गोलच आहेत. एवढे दिवस आरशात तीच बघत होतो.

डॉक्टरीणबाई बाहेर गेल्यावर मी मुलीला म्हणालो, "बाळाचं रक्त आत्ताच तपासायला देऊ. एकदा कळून जाईल."

"नको, बाबा. ती मोठी होऊ दे, तिलाच विचारू."

"आणि तोवर?"

"तोवर तुम्ही तुमच्या तपासण्या चुकवू नका. तुमच्यात कसं वाढतंय ते बघूनच आम्हाला काही कळेल."

माझी तपासणीची तारीख मंगळवारची होती. ती मी आधीच एकदा पुढे ढकलली होती, हे तिला ठाऊक नव्हतं. "जातो ना," म्हणालो, आणि बाहेर येऊन दवाखान्याला फोन लावला, तारीख तीच आहे ना हे विचारायला.