सावंतकाकांचा सुधारलेला श्वास

कॉम्प्युटर रूमवाल्यांनो, टर्मिनलवर बसण्याआधी बोर्डावरचं हे वाचा.

अंधेरीच्या त्या केमिकल कारखान्यातल्या कामगारांच्या श्वासाच्या तपासण्या आज एस नावाच्या आकडेमोडीच्या कॉम्प्युटर भाषेत घातल्या. प्रत्येक माणसाच्या आकड्यांची एक यादी, सगळ्या याद्या एकाखाली एक रचून मॅट्रिक्स, म्हणजे तक्ता. सहा महिने, महिन्याला एक तपासणी, सहा रकाने. एरर नाही, वॉर्निंग नाही.

प्रिंटआउटवर सावंतकाकांची ओळ दिसली. काका आमच्या बिल्डिंगमधले, त्याच कारखान्यात कामाला. तीन तपासण्या झाल्या आणि ते गेले. तरी ओळ पूर्ण भरलेली. यादी तोकडी पडली की ही भाषा तेच आकडे पहिल्यापासून परत भरते. चौथ्या महिन्यात पहिल्या महिन्याचा, तब्येत बरी असतानाचा आकडा. म्हणजे मेल्यानंतरच्या महिन्यात काकांचा श्वास सुधारला होता.

रिपोर्टवर सही करणाऱ्या आपल्या सरांना दाखवलं. म्हटलं, "या जागा रिकाम्या ठेवू या."

"भरलेल्या ओळी बऱ्या दिसतात गं. कारखान्यालाही तेच हवंय. जाऊ दे."

"सर, माणूस वारलाय."

"मग त्याला काय फरक पडतो?"

रिपोर्ट कारखान्याला तसाच गेला.

सकाळी निघताना सावंतकाकूंनी जिन्यात विचारलं होतं, "तुझ्या मशिनीत ह्यांचा काय निघाला, तां माका सांग गो."

आता घरी निघालेय. तुम्ही असतात तर काकूंना काय सांगितलं असतंत?