कपाळाला लावलेला पासपोर्ट

नवी वस्तू हातात आली की ती आधी कपाळाला लावायची, ही घरातली सवय माझ्याबरोबर थेट जर्मनीपर्यंत आली. काल व्हिसा कचेरीतून बाहेर पडले तेव्हा हातात कामाचा व्हिसा लागलेला पासपोर्ट होता, आणि भर व्हरांड्यात मी तो डोळे मिटून कपाळाला लावला.

डोळे उघडले तर समोरच्या बाकावर लुसिया. ती कोलंबियाची. गेल्या महिन्यात आम्ही दोघी एकाच हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करून दाखवत होतो. जागा एकच होती आणि ती मला मिळाली, हे तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

"कुठे मिळालं काम?" तिने आनंदाने माझे हात धरले.

"दुसरीकडे," मी म्हणाले. इतकं सहज, की माझी मलाच भीती वाटली.

"आणि हे असं केलं की मिळतं?" मी काही बोलायच्या आत तिने आपली फाइल माझ्यासारखीच कपाळाला लावली आणि ती आत गेली.

मी तिथेच बसून राहिले. आजवर किती गोष्टी अशा कपाळाला लावल्या! पण ही कुणाच्या ताटातून आली, असं देवाला कधी विचारलं नाही. मिळालं की त्याला कृपा म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.

लुसिया जवळजवळ धावतच बाहेर आली. "काम शोधायला मुदत वाढवून मिळाली! आता तुझ्या देवाला सांग, त्या हॉटेलचा फोन तेवढा येऊ दे."

"सांगते," मी म्हणाले.