मागून हाक

चांगुणाबाई तुरुंगातून सुटून मांजरा नदीकाठच्या मेहकरला परत आली तेव्हा गावानं तिला वाळीत वगैरे टाकलं नाही. गावाला तेवढी फुरसत कुठली! खुरपायला बोलावत, तूर कापायला बोलावत, आणि तिनं जे केलं होतं त्याबद्दल तिच्या तोंडावर अवाक्षर काढत नसत. माघारी मात्र सगळे बोलत. तिनं नवऱ्याच्या डोक्यात मुसळ घातलं होतं. ती पोटुशी असताना तो दारू पिऊन तिला लाथांनी तुडवायचा. एका संध्याकाळी हातातलं मुसळ तिनं उचललं आणि एकाच घावात तो गेला. त्याच्या तुडवण्याबद्दल गावात आधी कुणी चकार शब्द काढला नव्हता.

गुलबर्ग्याच्या तुरुंगात तिला मुलगी झाली. शोभा. पोर सहा वर्षांची होईपर्यंत आईजवळ राहिली. पुढं मूल आत ठेवत नाहीत, तसा नियमच होता. मग हळ्ळीखेडहून चांगुणाबाईची थोरली बहीण राजूबाई आली आणि शोभाला घेऊन गेली.

त्या दिवशी काय झालं ते आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. चांगुणाबाईच्या सासऱ्यानं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव टोपल्यात भरून मांजरेत सोडले होते. नवस बंद, अंगारे बंद, अंगात येणं बंद. चांगुणाबाईलाही ते पटलं होतं. पण एक धास्ती तिनं लहानपणापासून पोटात बाळगली होती, ती कुणाला दिसलीच नाही, म्हणून टोपल्यात गेली नाही. निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये. ती लहान असताना तिचा बाप विहीर खणायच्या कामावर निघाला होता. भाकरी विसरला म्हणून आईनं मागून हाक मारली. बाप भाकरी घेऊन गेला आणि त्याच दिवशी विहिरीची दरड त्याच्या अंगावर कोसळली. आई मरेपर्यंत आपल्या जिभेला दोष देत राहिली.

तेव्हा पोर फाटकाकडं चालू लागली तशी चांगुणाबाईनं पाठ फिरवली. समोर बघितलं असतं तर तोंडातून हाक गेलीच असती. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. पोर वळून वळून बघत गेली. तिला आईची पाठ तेवढी दिसली.

चांगुणाबाई सुटून आली तोवर शोभा राजूबाईची झाली होती. राजूबाईला ती माय म्हणायची. चांगुणाबाईला काहीच म्हणायची नाही, 'ऐकलं का' म्हणून बोलणं रेटायची. पुढं राजूबाईनंच तिचं लग्न लावलं, हुमनाबादच्या एका कंडक्टरशी. लग्नात चांगुणाबाई पाहुण्यांच्या पंगतीत बसून जेवली. रागवायचं तरी कुणावर? बहिणीनं पोरगी वाढवली होती, पळवली नव्हती.

आता शोभाला दिवस गेले होते, आणि पहिलं बाळंतपण माहेरी असतं. पण माहेर कोणतं? चांगुणाबाई वेड्यासारखी तयारीला लागली. भिंती पोतेऱ्यानं सारवल्या, जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी शिवली, दुधाला शेळी आणली, आढ्याला पाळण्याची दोरी बांधून ती ओढून ओढून पाहिली. शोभा येईल असं कुणी तिला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच, तर ती म्हणायची, "यील की. कामून यायची न्हाई?" आणि लगेच दुसऱ्या कामाला लागायची.

अशात गावात ती मालिका आली.

टीव्ही किराणा दुकानदार वीरभद्रप्पाकडं होता. रविवारी सकाळी तो टीव्हीचं तोंड अंगणाकडं करी. ओसरीवर त्याची बायको हेमावती आणि तिच्या बरोबरीच्या बाया, खाली अंगणात पोतं अंथरून बाकीच्या. मालिका हिंदी, बायकांच्या तुरुंगाची. तिचं खरं नाव कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही, सगळ्या तिला जेलची सिरेल म्हणत. त्यातली गौरी नावाची बाई न केलेल्या खुनासाठी शिक्षा भोगत होती, आणि तिच्याजवळ गुड्डी नावाची तिची छोटी पोर होती. गौरी रडली की अंगण रडे. ओसरीही रडे. वीज गेली तर वीरभद्रप्पा ट्रॅक्टरची बॅटरी जोडी, कारण न जोडून त्याला घरात राहता आलं नसतं.

आणि मग गावाला आठवलं, की अरे, आपल्याकडं तर खरीखुरी आहे!

"चांगुणा, अशी खाली कामून बसलीस? जरा वर सरक," हेमावतीनं एका रविवारी फर्मावलं. "खरंच आसंच आसतंय का गं आत?"

चांगुणाबाई ओसरीच्या पायरीवर बसली. ओसरीवर कुणी बस म्हणालं नाही आणि ती बसलीही नाही, पण पायरी काय कमी होती? "लुगडं आसंच आसतंय अक्का, निळ्या काठाचं. पर काजळ कोण घालतंय आत? आन् एवढ्या मोठ्यानं रडू देत न्हाईत. तोंड दाबून रडावं लागतंय." बाया 'अगं बाई' म्हणत तोंडाला पदर लावत. इतक्या वर्षांत कुणी तिला काही विचारलं नव्हतं. आता दर रविवारी विचारत, आणि खोटं कशाला बोला, तिला ते गोड लागू लागलं.

एका रविवारी भाग संपता संपता कळलं, की गुड्डी सहा वर्षांची झाली आणि आता तिला बाहेर पाठवणार. पुढच्या रविवारी ताटातूट. अंगणात हुंदके फुटले. चांगुणाबाई मात्र ताठ बसून राहिली. तिच्या मनात एकदम लख्ख काहीतरी आलं होतं. जे आपल्याला जन्मभर सांगता आलं नाही, ते हा डबा सांगेल. शोभानं हे बघितलं पाहिजे. नियम होता, आपण टाकलं नव्हतं, हे तिला दिसेल. मग ती बाळंतपणाला येईल.

दुसऱ्याच दिवशी ती हुमनाबादला गेली. "सातव्या म्हयन्याची चोळी द्यायचीय. आईतवारी सकाळीच ये," एवढंच म्हणाली. टीव्हीचं नाव काढलं नाही.

शोभा आली. "माय म्हणली जाऊन ये, म्हणून आले," असं दारातच बजावून आली. तरी सारवलेलं घर तिनं बघितलं. आढ्याच्या दोरीकडंही बघितलं. शेळीचं दूध घातलेला चहा मात्र तिनं पुन्हा मागून घेतला. चांगुणाबाईच्या काळजात आनंद मावेना. तिनं चोळी दिली, ओटीत नारळ घातला, आणि सहज सुचल्यासारखं म्हणाली, "चल की, अक्काकडं जरा टीव्ही बघून यिऊ. मग बस गाठ."

पोटुशी म्हणून हेमावतीनं शोभाला ओसरीवर खांबाला टेकून बसवलं. चांगुणाबाई पायरीवर.

पडद्यावर तुरुंगाचं फाटक आलं. गुड्डीच्या हातात कापडी बाहुली. कुणी एक मावशी तिला गाडीकडं नेऊ लागली. चांगुणाबाई पडद्याकडं बघतच नव्हती. ती शोभाकडं बघत होती. शोभाचे डोळे भरले, हात पोटावर गेला. कळलं, चांगुणाबाईला वाटलं, कळलं हिला. एवढ्यात टीव्हीतून किंकाळी आली. गौरी पहारेकऱ्यांना ढकलून धावत सुटली होती. गाडीमागं धावत होती, पडत होती, उठत होती, "गुड्डी! गुड्डी!" म्हणून ऊर फाटेस्तोवर हाका मारत होती. फाटक बंद झालं तरी गजांना धरून हाका मारत होती. अंगणात तर आकांतच झाला. हेमावतीनं पदर तोंडावर घेऊन हंबरडा फोडला.

शोभानं डोळे पुसले. अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं ती बोलली. "बघितलीस? ती पळाली. तू पाठ फिरवून हुभी होतीस."

रडणं थांबलं. हेमावतीनं तोंडावरचा पदर काढला. "व्हय का गं चांगुणा?"

"हाक मारली आसती तर..." चांगुणाबाई पायरीवरून अर्धी उठली. "जाणाऱ्याला मागून हाक मारू न्हाई अक्का. पोरीला वाटंत कायतर झालं आसतं म्हणून मी..."

"आगं, आशा टायमाला रीत आठवतीय का कुणाला?" हेमावती म्हणाली. "आईचं काळीज आसतंय ते. ती बघ कशी धावली, बिचारी."

बिचारी ती, पावडर लावलेली. पैसे घेऊन धावलेली. कुणी तरी तिला 'आता धाव' म्हटलं असणार तेव्हा धावलेली. मला तर अजून त्या अंगणाचा संताप येतो. चांगुणाबाईला आला नाही. ती शोभाकडं वळली. "माझ्या तोंडात पदर व्हता गं. मागनं तुला दिसला न्हाई."

"मी सहा वर्षांची व्हते. मला पाठच दिसली." शोभा खांबाला धरून उठली. "बाळंतपण मायकडंच करायचं ठरलंय. तू उगा दोरी बांधलीस."

तिनं पिशवी उचलली आणि ओसरी उतरून ती रस्त्याला लागली. तिकडं बस थांबायची. पाय जड, एक हात कमरेवर. चांगुणाबाई पायरीवरून बघत राहिली. पोर परत तशीच चालली होती, फरक एवढाच की आता वळून बघत नव्हती. आणि इतकी वर्षं जे पदराच्या बोळ्यानं दाबून ठेवलं होतं ते चांगुणाबाईच्या तोंडातून सुटलं.

"शोभे! ए शोभे! माझ्या लेकरा!"

ती धावली देखील. पण हेमावतीनं दंड धरून तिला मागं खेचलं. "अगं ए सटवे! पोटुशी बाई निघालीय आन् मागून हाक मारायलीस? अक्कल हाय का न्हाई तुला?" सगळं अंगण उठलं. ज्यांचे डोळे गौरीसाठी अजून ओले होते त्या बाया तिच्यावर तुटून पडल्या. कुणी शोभाला परत बोलावून आणलं, दोष जावा म्हणून खाली बसवलं, हेमावतीनं स्वतः तिला पाणी पाजलं. शोभा पाणी प्याली. चांगुणाबाईकडं तिनं बघितलं नाही. बसचा भोंगा वाजला तेव्हा उठून गेली.

त्यानंतर चांगुणाबाईनं अन्नपाणी जवळजवळ सोडलं. आपण हाक मारली, आता तिचं काय होणार, या एका भीतीनं ती दाराच्या चौकटीला धरून बसायची. बस आली की कोण काय बातमी आणतंय म्हणून उभी राहायची. गौरी पुढं निर्दोष सुटली, गुड्डी तिच्या गळ्यात पडली, गावानं टाळ्या वाजवल्या. चांगुणाबाई तिकडं फिरकली नाही.

मग एक दिवस हळ्ळीखेडच्या बाजाराला गेलेला गावातला नागनाथ सांगत आला, की शोभा राजूबाईकडं बाळंत झाली. मुलगी. दोघी ठणठणीत. वाटेत काही झालं नाही, नंतरही नाही.

चांगुणाबाईनं त्याला गूळ दिला. तो गेल्यावर बराच वेळ ती आढ्याच्या दोरीखाली बसून राहिली. आनंदानं रडू आलं ते रडून झालं, आणि मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं, की हाक मारूनही काही झालं नाही. म्हणजे तेव्हा मारली असती तरी काही झालं नसतं.